मनोरुग्णांचे पुनर्वसन आणि चित्रपटाचे माध्यम

भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी हे गाव उष्ण पाण्याच्या कुंडांसाठी आणि नित्यानंद स्वामींच्या समाधीसाठी प्रसिद्ध आहे. अंगदुखी घेऊन कुंडावर येण्यात कोणालाही संकोच वाटत नाही. मनाचे दुखणे मात्र घरोघर झाकून ठेवले जाते आणि लोकलज्जेपायी उपचारास विलंब होतो. ही लज्जा दूर करण्यास चित्रपट कसा साह्यभूत होतो, याचा मराठीतील अनुभव अभ्यासण्याजोगा आहे.

पडद्यावरील रुग्ण

सामाजिक संशोधनाच्या क्षेत्रातून चित्रपटाकडे वळलेल्या सुमित्रा भावे यांनी सुनील सुकथनकर यांच्यासह २००४ साली 'देवराई' हा चित्रपट केला. स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला कोकणातील तरुण आणि त्याला सांभाळणारी बहीण यांची ही कथा. रुग्णाबरोबर त्याचे कुटुंबही सोसत असते, हे तीतून प्रेक्षकांना उमगले. याच जोडीच्या 'कासव' या नैराश्यावरील चित्रपटास २०१७ साली सुवर्णकमळ मिळाले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे यांचा त्यात अभिनेता व निर्माता म्हणून सहभाग होता. उपदेश न करता, प्रश्नांचा भडिमार न करता दिलेला आधार माणसाला कसा सावरतो, हे त्यात दिसते.

रुग्णाच्या हाती कॅमेरा

पाहण्याहून पुढची पायरी म्हणजे चित्रपट स्वतः करणे. आजारपणात दिनक्रम विस्कटतो, माणसांशी संबंध तुटतो आणि रुग्णाविषयी सारे काही इतरच बोलतात. लघुपट करताना काय दाखवावे, काय वगळावे, हे तो स्वतः ठरवितो. कथा लिहिणे, छायाचित्रण, ध्वनी, संकलन अशी कामे वाटून घेता येतात. ज्याला बोलणे जड जाते, तो चित्रण करू शकतो. ठरल्या वेळी येणे, दुसऱ्याचे ऐकणे, हाती घेतलेले काम तडीस नेणे, ही पुनर्वसनाचीच अंगे होत. साध्या भ्रमणध्वनीवरही हे साधते.

घ्यावयाची दक्षता

हा उपक्रम औषधोपचारास पर्याय नव्हे, पूरक आहे. तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हाती घ्यावा. आजार तीव्र असताना, विशेषतः रुग्णाच्या मनात संशय बळावला असताना, कॅमेरा त्रासदायक ठरू शकतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार उपचाराधीन व्यक्तीचे छायाचित्र वा माहिती तिच्या संमतीवाचून प्रसारमाध्यमांस देता येत नाही. म्हणून तयार झालेला लघुपट कोणास दाखवावा, की दाखवूच नये, हा निर्णय रुग्णाचाच असावा.

गावपातळीवरील कार्य

ग्रामपंचायतीने शाळेत अशा चित्रपटाचा खेळ ठेवावा आणि नंतर डॉक्टर, आशा कार्यकर्त्या व शिक्षक यांच्यासमवेत चर्चा घडवावी. कोणाच्या घरचे नाव चर्चेत येऊ देऊ नये. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि २०२२ साली सुरू झालेली 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा यांची माहिती तेथेच द्यावी. खेळ संपल्यावर एखादी माता निःसंकोचपणे डॉक्टरांपाशी जाऊन आपल्या मुलाविषयी विचारू शकली, तर त्या संध्याकाळचे सार्थक झाले असे समजावे.