पोस्टर भिंतीवर बघावं

नाटकं, व्याख्यानमाला आणि गाण्याच्या बैठकींची पोस्टरं करण्यात माझी बरीच वर्षं गेली. या कामातले माझे खरे मास्तर म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचे युरोपातले काही पोस्टरवाले. त्यांच्याकडून काय उचललं आणि काय सोडून दिलं, ते सांगतो.

१. वस्तू दाखवा, नाव लिहा, थांबा. बर्लिनच्या ल्युसियन बर्नहार्डने १९०६च्या सुमारास ‘प्रीस्टर’ आगकाड्यांचं पोस्टर केलं. सांगतात ते असं, की पहिल्या खर्ड्यात टेबलावर अ‍ॅशट्रे, त्यात जळती सिगार आणि धुरातून नाचणाऱ्या बायका असा सगळा थाट होता. एका मित्राने विचारलं, ‘‘सिगारची जाहिरात का?’’ मग बर्नहार्ड एकेक गोष्ट पुसत गेला. उरल्या पिवळ्या गुलाच्या दोन लाल काड्या, मागे गडद रंग आणि वर ठसठशीत ‘प्रीस्टर’. किश्शात थोडा मीठमसाला असेलही, पण पोस्टर समोर आहे. आपल्याकडे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, स्वागतोत्सुक आणि सात प्रायोजकांचे लोगो एकाच कागदावर हवे असतात. मी सांगतो, ही सगळी मंडळी निमंत्रणपत्रिकेत सन्मानाने बसवू, भिंतीवर नको.

२. बघणारा चालत असतो. फ्रान्समधल्या कासाँद्रने हे पुरतं ओळखलं होतं. ‘दुबोने’ या मद्याच्या १९३२च्या पोस्टरमध्ये एकच माणूस तीनदा दिसतो; एकेका घोटाबरोबर त्याच्यात रंग भरत जातो आणि खालचं नावही तसंच टप्प्याटप्प्याने पुरं होतं. चालत्या गाडीतूनही ते कळतं. त्याच्या १९२७च्या ‘एत्वाल द्यु नोर’ या रेल्वेच्या पोस्टरवर तर गाडीच नाही. नुसते रूळ, दूर क्षितिजाशी एकवटणारे, आणि वर एक तारा. म्हणून पोस्टरचं प्रूफ मी संगणकावर मंजूर करत नाही. छापून भिंतीला लावतो आणि रस्त्यापलीकडून बघतो. तारीख आणि नाट्यगृह तिथून वाचता आलं नाही, तर बाकीच्या कलाकुसरीला अर्थ नाही.

३. लाल त्रिकोण काढला म्हणून कुणी लिसित्स्की होत नाही. या रशियन कलावंताच्या पोस्टरमधली लाल पाचर पांढऱ्या वर्तुळात घुसते ती रशियातल्या यादवी युद्धात, लाल फौजेच्या बाजूने. साडीच्या सेलच्या जाहिरातीत ती कुणावर चालून जाते?

४. त्यांच्या लिपीचे नियम आपल्या लिपीला जसेच्या तसे लावू नयेत. बाउहाउस या जर्मन कलाशाळेत हर्बर्ट बायरने १९२५मध्ये कॅपिटल अक्षरंच रद्द केली. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं मुळातच नाहीत, म्हणजे तो तंटा आपल्याकडे उद्भवतच नाही. आपला तंटा वेगळा आहे. रोमन शीर्षकाच्या दोन ओळी एकमेकींना चिकटवल्या तरी खपून जातात. इथे वरच्या ओळीत ‘गुरू’ आणि खालच्या ओळीत ‘मूर्ती’ आली, की वरचे उकार खालच्या वेलांटी-रफारात अडकतात. त्यात फाँटमधली ऱ्हस्व-दीर्घ उकारांची वळणं जवळजवळ सारखी असली, तर लांबून काहीच कळत नाही. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे शब्द हाताने रेखाटणं. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं अशी रेखाटली, की ती अक्षरं हीच त्या नाटकांची ओळख झाली. चौकोनी, जाड, सगळीकडे सारख्या जाडीचं देवनागरी मला मात्र आधुनिक कमी आणि सुजलेलं जास्त वाटतं. हे मत वैयक्तिक आहे, पण पक्कं आहे.

५. डावीकडे सरकवणं म्हणजे आधुनिकता नव्हे. जर्मन अक्षरजुळणीकार यान चिखोल्टने १९२८च्या आपल्या पुस्तकात मधोमध जुळणी जवळजवळ निषिद्ध ठरवली होती. १९३३मध्ये नाझींनी त्याला अटक केली. सुटल्यावर तो स्वित्झर्लंडला गेला. पुढे त्याला आपल्याच जुन्या नियमांच्या कडकपणात त्या राजवटीची शिस्त दिसू लागली. १९४७ ते १९४९ या काळात त्याने लंडनला ‘पेंग्विन’च्या पुस्तकांना शिस्त लावली ती बहुतेक मधोमध जुळणीतच. त्यामुळे आयोजक ‘‘सगळं मधे घ्या ना’’ म्हणाले, की मी वाद घालत नाही, आधी मजकूर वाचतो. स्मृतिव्याख्यानाचा चार ओळींचा मजकूर मधोमध छान दिसतो. तीन दिवसांच्या महोत्सवाचं वेळापत्रक मात्र डावीकडूनच सुरू करतो, कारण ‘शनिवार, सकाळी ९’ कुठे लिहिलंय हे शोधायला डोळ्याला एक कड लागते.