चिंध्यांचे गाठोडे सोडताना

ईट काय, आपल्या मराठवाड्यात वाकळ घरोघरी. पण ती पहिल्याच धुण्यात आकसली, तर महिन्याची मेहनत जाते आणि लेकरू थंडीत कुडकुडते. म्हणून गाठोडे सोडताच सुती कापड वेगळे काढा. शंका आली तर एक दोरा चिमट्यात धरून चुलीपाशी जाळून पाहा. सुताची मऊ राख होते, पॉलिस्टरचा कडक मणी. शिंप्याकडच्या कातरणात पॉलिस्टर फार असते, ते पिशव्यांना ठेवा. नवे सुती तुकडे आधी भिजवून वाळवा. अस्तराला जुने लुगडेच बरे, सुई सहज जाते. वीतभर तुकडे वर लावा. बोटभर चिंध्या आतल्या थरात सपाट पसरा; गोळा राहिला तर टाका तिथेच तुटतो. धावदोरा कडेने सुरू करून आत न्या.