खाण बंद, ऋण बाकी



नुकसान करणारा हयात असेल तर भरपाई कोणाकडे मागायची, हे वेगळे सांगावे लागत नाही. जक्कयाने अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे कबूल केले. घेणारा तोच होता आणि परत करणाराही तोच. पण घेणारा निघून गेला आणि नुकसान मात्र रोज नव्याने होत राहिले, तर? हा प्रश्न आज आपण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका डोंगरी ओढ्याच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

ॲपलाचियन डोंगररांगांत ब्लॅकलिक नावाचा ओढा वाहतो. त्याच्या काठी व्हिंटनडेल हे लहानसे गाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसले ते केवळ कोळशासाठी. घरे कंपनीची, दुकान कंपनीचे. हंगेरियन, स्लोव्हाक, पोलिश, इटालियन कुटुंबे पोटासाठी इथे आली. त्यांतली पुष्कळशी कॅथोलिक होती. 1922 च्या संपात गावात सभा घेण्यासही मज्जाव होता. नागरी हक्कांसाठी तिथे गेलेले वकील आर्थर गारफिल्ड हेज यांना अटक झाली. 1960 च्या दशकात खाणकाम संपले. मागे राहिले टाकाऊ कोळशाचे काळे ढिगारे, मोडक्या भट्ट्या आणि नारिंगी रंगाचा ओढा.

हा रंग कुठून येतो, ते नीट पाहू. कोळशाच्या थरांत पायराइट नावाचे खनिज असते, म्हणजे लोह आणि गंधक यांचे संयुग. जमिनीखाली दडलेले असते तोवर ते निरुपद्रवी असते. खाणीमुळे त्याला हवा आणि पाणी मिळाले, की त्यापासून गंधकाम्ल बनते आणि लोह पाण्यात विरघळते. काही सूक्ष्म जंतू ही क्रिया आणखी वेगाने घडवतात. खाण चालू असताना पंपाने पाणी उपसले जाते. ती बंद पडली की बोगदे भरतात आणि आम्लयुक्त पाणी वाट सापडेल तिथून बाहेर येते. उघड्यावर आल्यावर लोहाचा गंजासारखा साका तळाशी बसतो. खाणकामगार त्याला ‘यलो बॉय’ म्हणत. त्या थराखाली किडे राहत नाहीत, मग मासेही राहत नाहीत. हे शेकडो वर्षे चालू राहू शकते. म्हणजे कामगार गेले, मालक गेले, हिशेबाच्या वह्याही गेल्या, तरी खाण आपले काम करीतच असते!

1994 साली टी. ॲलन कॉम्प या इतिहासकाराने व्हिंटनडेलच्या या 35 एकर पडीक जागेचे काम हाती घेतले. इतिहासकार कशाला, असे कोणी विचारील. आम्हांला वाटते, खरी किल्ली इथेच आहे. शुद्धीकरणाची तळी नुसता अभियंताही बांधू शकला असता. पण ज्या गावाला आपल्या भूतकाळाची लाज वाटू लागली आहे, ते गाव त्या तळ्यांची काळजी का घेईल? म्हणून भूजलतज्ज्ञ, उद्यानरचनाकार आणि शिल्पकार असे सगळे एकत्र आले. गावकरी आणि स्वयंसेवक यांच्या मदतीने सुमारे दहा वर्षे काम चालले.

खाणीचे पाणी एकामागून एक तळ्यांतून फिरवले आहे. ते उतारानेच वाहते; यंत्र नाही. काही तळ्यांत पाणकणसासारख्या वनस्पती आहेत; तिथे पाणी मंदावते आणि लोह खाली बसते. एका तळ्यात कंपोस्ट खताचा थर व त्याखाली चुनखडी आहे. चुनखडी आम्ल मारते हे आपल्याला ठाऊक आहे, पण नुसती टाकली तर तिच्यावर लोहाचे पुट चढून ती निकामी होते. कंपोस्टमधले जंतू पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात, म्हणून पुट चढत नाही. तळ्यांच्या कडेने ओळीत झाडे लावली आहेत. शरद ऋतूत पाणी घाण असते तिथली पाने लाल होतात, पुढे नारिंगी, पिवळी आणि शेवटी हिरवट. पाण्याची परीक्षा झाडांवर वाचता येते. जुन्या खाणीच्या तोंडाशी काळ्या ग्रॅनाइटवर बाहेर येणारे कामगार कोरले आहेत.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या तळ्यांत येते ते परिसरातल्या घाण पाण्यापैकी थोडेच. इतर खाणींचे पाणी तसेच ओढ्यात जात राहिले. त्यासाठी राज्य सरकारला पुढे मोठा शुद्धीकरण प्रकल्प हाती घ्यावा लागला.

मग पैसे कोणी द्यायचे? 1977 च्या कायद्याने आज कोळसा काढणाऱ्या कंपन्यांवर जुन्या, बेवारस खाणींसाठी कर बसवला: सुरुवातीला उघड्या खाणीच्या टनामागे 35 सेंट, भुयारी खाणीच्या टनामागे 15 सेंट. ज्यांनी ते नुकसान केले नाही त्यांनी का भरावे, हा आक्षेप वरवर योग्य वाटतो. परंतु न्याय केवळ दोषावर उभा नसतो, लाभावरही असतो. त्या कोळशावर कारखाने उभे राहिले, शहरे वाढली; तो लाभ पिढ्यान्‌पिढ्या पुढे आला. संपत्ती वारसाने घ्यायची आणि कर्ज नाकारायचे, हे कुठल्याही घरात चालत नाही.

2021 साली अमेरिकन काँग्रेसने बेवारस कोळसाखाणींसाठी सुमारे 11.3 अब्ज डॉलर मंजूर केले. मात्र त्यात एक अडचण होती. ढिगारे एकदा हलवले, जमीन सपाट केली, झाडे लावली की काम पुरे होते. पाण्याचे तसे नाही. तळ्यांतला गाळ काढावा लागतो, कंपोस्ट बदलावे लागते, आणि हे पुन्हा पुन्हा. म्हणून डिसेंबर 2022 मध्ये आणखी एक कायदा झाला. त्यानुसार राज्यांना त्या वार्षिक अनुदानातली 30 टक्क्यांपर्यंत रक्कम बाजूला ठेवता येते, तिच्या व्याजासह पुढच्या काळातल्या पाण्यासाठी.