दातांवरून बालकाचे वय

बैलाचा सौदा ठरविण्यापूर्वी शेतकरी त्याचे तोंड उघडून पाहतो. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि शेवटी जुळलेला, हे शब्द यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यास समजावून सांगण्याचे कारण नाही. माणसाचे दातही वयाची साक्ष देतात. मात्र तेथे या साक्षीवर एखाद्या बालकाचे हक्क अवलंबून असतात.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कारखाना कायद्याने ९ वर्षांखालील मुलांस बहुतेक कापड गिरण्यांत कामास लावण्यास मनाई केली. परंतु वयाचा दाखला कोणाजवळच नसे. तेव्हा एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने १८३७ मध्ये मुलांची उंची पाहण्यापेक्षा त्यांचे दात पाहावेत, असे प्रतिपादन केले.

आपल्याकडे आजही असा प्रसंग उद्भवतो. समजा, झरी जामणी किंवा केळापूर तालुक्यातील एखाद्या कोलाम पोडावर मुलीचा विवाह ठरला आहे. मुलगी शाळेत गेलेली नाही, जन्माची नोंदही नाही. वडील म्हणतात अठरा पूर्ण झाली; पाहणाऱ्यास ती पंधरा-सोळांची वाटते. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ लागू होतो की नाही, हे तिच्या वयावर ठरावयाचे असते.

दुधाचे दात साधारणतः सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात व अडीच वर्षांपर्यंत वीसही पूर्ण होतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ येते आणि पुढचे दात पडू लागतात. दुसरी कायमची दाढ बाराव्या वर्षाच्या आसपास येते. तथापि, दात हिरडीबाहेर येण्याची वेळ फसवी असते. दुधाची दाढ किडून लवकर काढावी लागली, तर तिच्या जागी येणाऱ्या दाताचे वेळापत्रक बिघडते. या जिल्ह्यात आणखी एक बाब ध्यानी ठेवावी लागते. काही गावांतील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक असल्याने मुलांच्या दातांवर डाग पडतात. असे दात जुनाट दिसतात, पण त्या डागांचा वयाशी संबंध नाही.

म्हणून जबड्याच्या आत, क्ष-किरण चित्रात पाहावे लागते. १९७३ मध्ये डेमिर्जियन, गोल्डस्टीन व टॅनर यांनी कॅनडातील फ्रेंच वंशाच्या मुलांवरून खालच्या जबड्यातील डाव्या बाजूच्या सात दातांसाठी आठ टप्पे ठरविले. दाताचे टोक कठीण होऊ लागणे हा पहिला टप्पा, तर मुळाचे टोक पूर्ण बंद होणे हा आठवा. कुपोषणाचा परिणाम हाडांच्या वाढीवर जितका होतो, तितका दातांच्या या अंतर्गत घडणीवर होत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण होय. परक्या मुलांचे कोष्टक भारतीय मुलांस जसेच्या तसे लावणे मात्र इष्ट नव्हे. धारवाडचे डॉ. अशिथ आचार्य यांनी २०११ मध्ये भारतीयांसाठी वेगळी सूत्रे मांडली व त्यांत अक्कलदाढेचाही समावेश केला.

खरी अडचण येथेच आहे. सोळा वर्षांच्या सुमारास हे सातही दात पूर्ण होतात. पुढे अक्कलदाढ तेवढी उरते, आणि तिच्याइतका लहरी दात दुसरा नाही. कित्येकांस ती येतच नाही. म्हणजे कायद्याला जेथे काटेकोर उत्तर हवे, त्या अठराव्या वर्षापाशीच दातांची साक्ष सर्वांत दुबळी ठरते. हाडांचेही तसेच. क्ष-किरणांवरून ठरविलेल्या वयात दोन्ही बाजूंस दोन वर्षांचा फरक संभवतो, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये जयमाला प्रकरणात ध्यानात घेतली होती.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ ने क्रम घालून दिला आहे. प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र, ते नसल्यास ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. तीही आदेशापासून पंधरा दिवसांत. तेव्हा अशा मुलीस रुग्णालयात पाठविण्यापूर्वी शाळेचे दाखलखारीज रजिस्टर आणि ग्रामपंचायतीची जन्मनोंदवही पाहून घ्यावी. अंगणवाडीत तिच्या वजनाची जुनी नोंद मिळाल्यास तिचाही माग काढण्यास उपयोग होतो. तपासणी झालीच, तर डॉक्टरांनी अहवालात एकच आकडा न देता वयाची किमान व कमाल मर्यादा लिहावी आणि क्ष-किरण चित्र सोबत जोडावे.