अँटिव्हायरस रोज हाताने का सुरू करावा लागतो?

प्रश्न : आमच्या घरचा डेस्कटॉप जुना आहे, विंडोज १० वर चालतो. हिशेब, फोटो आणि सोसायटीचा पत्रव्यवहार एवढाच त्याचा उपयोग. काम झालं की भिंतीवरचं बटणही मी बंद करतो. गेले काही आठवडे संगणक चालू केला की अँटिव्हायरस आपोआप सुरू होत नाही, खाली उजव्या कोपऱ्यात त्याचं चिन्ह दिसत नाही. तारीख रोज नीट करावी लागते ती वेगळीच. मग अँटिव्हायरसवर डबल क्लिक केलं की तो चालू होतो. दुकानदार म्हणतात, नवीन विकत घ्या. घ्यावा का?
– एक निवृत्त वाचक, कराड

उत्तर : इतक्यात नका घेऊ. तुमच्या पत्रात तारखेचं एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलं आहे. मला वाटतं, दुखणं तिथेच आहे.

संगणक बंद असतानाही त्याच्या आत एक घड्याळ चालू असतं. त्याला वीज पुरवायला मदरबोर्डवर एक रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल बसवलेला असतो. डेस्कटॉपमध्ये तो बहुतेक सीआर २०३२ या क्रमांकाचा, ३ व्होल्टचा असतो. काही वर्षांनी तो उतरतो. भिंतीवरचं बटण चालू असेल तोवर संगणक बंद असला तरी घड्याळाला आतून थोडी वीज मिळत राहते, म्हणून उतरलेला सेल लक्षात येत नाही. तुम्ही ते बटण रोज बंद करता. त्यामुळे घड्याळ थांबतं आणि सकाळी संगणक कित्येक वर्षं मागच्या तारखेने जागा होतो.

आता अँटिव्हायरसच्या बाजूने पाहा. तुमचा परवाना अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, अशी नोंद त्याच्याकडे असते. परवाना सुरू होण्याच्याही आधीची तारीख दिसली की काही अँटिव्हायरस तो अवैध धरतात आणि कामाला लागतच नाहीत. अद्ययावत माहिती उतरवून घेताना सर्व्हरची ओळख पडताळली जाते आणि त्यात तारीखही पाहिली जाते, म्हणून तेही अडतं. याच कारणाने सकाळी ब्राउझर उघडल्यावर नेहमीच्या संकेतस्थळांवरही सुरक्षिततेचा इशारा येत असेल, तर माझा तर्क बरोबर आहे असं समजा. घड्याळ फार मागे गेलं असेल तर इंटरनेट असूनही विंडोज ते स्वतःहून पुढे आणेलच असं नाही, म्हणून तुम्हाला रोज हात लावावा लागतो.

पैसे खर्च न करता हे तपासता येतं. एका रात्री संगणक नेहमीसारखा शट डाउन करा, पण भिंतीवरचं बटण चालूच ठेवा. सकाळी तारीख बरोबर असेल आणि अँटिव्हायरसही आपोआप उठला असेल, तर सेल बदलायचा आहे, एवढंच. घड्याळाच्या किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात तो अगदी थोड्या पैशांत मिळतो. स्वतः बदलणार असाल तर वायर भिंतीतून काढा, कोणती बाजू वर आहे ते आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि नवा सेल बसवल्यावर बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ एकदा नीट भरा. हात कापत असेल किंवा भीती वाटत असेल तर हे काम संगणक दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

तारीख टिकूनही चिन्ह दिसलं नाही, तर पुढचा विचार करायचा. चिन्ह नाही म्हणजे संरक्षण नाही, असं मात्र लगेच धरू नका. अँटिव्हायरसचे दोन भाग असतात. खरं काम करणारा भाग विंडोज सुरू होतानाच, तुम्ही पासवर्ड टाकण्याआधी, पडद्यामागे सुरू होतो. त्याला सर्व्हिस म्हणतात. कोपऱ्यातलं चिन्ह हा दुसरा भाग, तो नंतर येतो. संगणक वेगवान करून देतो म्हणणारी जी सॉफ्टवेअर असतात, ती कधीकधी या दुसऱ्या भागाला सुरुवातीच्या यादीतून काढून टाकतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअपमध्ये तुमचा अँटिव्हायरस डिसेबल्ड दिसला तर एनेबल करा. ते वेगवान करणारं सॉफ्टवेअर काढूनच टाका. घरच्या संगणकाला त्याची गरज नसते, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी परिस्थिती कळते विंडोज सिक्युरिटीमध्ये. स्टार्टमध्ये हे नाव शोधा, त्यातल्या सेटिंग्जमध्ये मॅनेज प्रोव्हायडर्स उघडा. सध्या पहारा कोणाचा आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. दुसरा अँटिव्हायरस चालू असला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला होतो, हे ठरवूनच केलेलं आहे. पण यादीत बाहेरचे दोन अँटिव्हायरस दिसले, तर एक काढलाच पाहिजे; ते एकमेकांना अडवतात. जुना काढताना नुसतं अनइन्स्टॉल अनेकदा पुरत नाही, अवशेष राहतात. बहुतेक कंपन्या त्यासाठी स्वतःचं साफसफाईचं साधन मोफत देतात, ते वापरा.

आणखी एक गंमत वाटावी अशी पण खरी गोष्ट. विंडोज ८ पासून शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते, म्हणजे सकाळी लवकर सुरू व्हावं. याला फास्ट स्टार्टअप म्हणतात. कालची एखादी अडकलेली अवस्था त्यामुळे आजही तशीच उठते. रिस्टार्ट केल्यावर मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. म्हणून असा काही त्रास झाला की आधी रिस्टार्ट करून पाहायचं.

सर्व्हिस स्वतःच बंद आढळली, तुम्ही सुरू केली आणि थोड्या वेळात ती पुन्हा बंद पडली, किंवा अँटिव्हायरस कंपन्यांचीच संकेतस्थळं उघडत नाहीत आणि बाकी सगळं उघडतं, तर मात्र सावध व्हा. आत शिरलेला व्हायरस आधी पहारेकऱ्यालाच गाठतो. २००८ मध्ये पसरलेल्या कॉनफिकरने नेमकं हेच केलं होतं : सुरक्षेच्या सर्व्हिस बंद करायच्या आणि मदत मिळेल अशी संकेतस्थळं अडवायची. अशा वेळी त्या संगणकावर बँकेचं काम करू नका. विंडोज सिक्युरिटीतला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन चालवा. तो संगणक पुन्हा सुरू करून विंडोज पूर्ण उठण्याआधीच तपासणी करतो, त्यामुळे व्हायरसला लपायला वाव कमी मिळतो. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही सफाईची मोफत साधनं आहेत.

पडद्यावर मोठ्या लाल अक्षरांत “तुमचा अँटिव्हायरस बंद आहे, या क्रमांकावर फोन करा” असं आलं तर तो फोन कधीही करायचा नाही. खरा अँटिव्हायरस असा फोन करायला सांगत नाही. कोणी असे पैसे उकळले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर गुन्हे हेल्पलाइनवर तक्रार करा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. परवाना संपला नसेल तर नवीन अँटिव्हायरस घेऊ नका. संपला असेल तर तो अँटिव्हायरस काढून टाका आणि डिफेंडर चालू आहे ना, ते पाहा. तुमच्यासारख्या वापराला तो पुरेसा आहे. मला जास्त काळजी विंडोज १० ची वाटते. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा नियमित पाठिंबा थांबवला. विस्तारित सुरक्षा योजनेत नोंदणी केली नसेल तर खुद्द विंडोजमधल्या त्रुटी आता दुरुस्त होत नाहीत, आणि ती कसर कोणताही अँटिव्हायरस पूर्ण भरून काढू शकत नाही. खर्च करायचाच असेल तर तो तिकडे करा. त्याआधी फोटो आणि हिशेब बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवा.

सेल बदलूनही फरक पडला नाही, तर पडद्यावर येणारा संदेश जसाच्या तसा लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्याचं उत्तर देईन.