कळसूबाईच्या माथ्यावर

महाराष्ट्रातला सर्वांत उंच डोंगर कोणता? तो म्हणजे कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी तालुका, या दोघांच्या हद्दीवर तो उभा आहे. पायथ्याला बारी नावाचे गाव आहे.

ऑक्टोबर महिन्यात आम्ही सातजण बारीला गेलो. वाट दाखवायला गावातल्या एका काकांना बरोबर घेतले. काकांनी आधी आमचे सामान पाहिले. "पाणी माणशी दोन लिटर घ्या. भाकरी घ्या. आणि एक सांगतो. मी उतरा म्हटलं, की उतरायचं," ते म्हणाले. आम्ही हसून माना डोलावल्या.

सकाळी सात वाजता निघालो. आधी भातखाचरे लागली. पीक पिवळे झाले होते. मग चढण सुरू झाली. वाटेत काळ्या कातळाचे थर दिसले. एकावर एक भाकरी रचाव्या, तसे ते दिसत होते. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला रस बाहेर आला. तो पुन्हा पुन्हा पसरला आणि थंड झाला. त्याचेच हे थर. आपला सह्याद्री असाच घडला आहे.

पुढे उभा कातळ आला. तिथे लोखंडी शिड्या लावल्या आहेत. काका म्हणाले, "एका वेळी एकानंच चढायचं. दोन्ही हातांनी धरायचं. तोंड खडकाकडे ठेवायचं. उतरतानाही तसंच." आमच्यातल्या एकाचे पाय लटपटू लागले. काका त्याच्या पाठोपाठ चढले आणि त्याला एकेक पायरी सांगत राहिले.

साडेदहाला आम्ही माथ्यावर पोचलो. तिथे कळसूबाई देवीचे लहानसे देऊळ आहे. आम्ही हात जोडले आणि चहूकडे पाहिले. पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे किल्ले दिसले. दक्षिणेला भंडारदऱ्याच्या धरणाचे पाणी चमकत होते. प्रवरा नदीवरचे हे धरण १९२६ साली पुरे झाले. पलीकडे रतनगड होता. डोळ्यांचे पारणे फिटले.

आम्ही दोन वाजेपर्यंत वर थांबणार होतो. पण साडेअकरालाच काका उठले. लांबवर ढगांचे पांढरे ढीग वाढत होते.

"चला, उतरा."

"अहो काका, ऊन तर लख्ख पडलंय!" आमच्यातला एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "पाऊस आलाच तर देवळात बसू."

काका म्हणाले, "देऊळ डोंगराच्या टोकावर आहे. आपण इतकी माणसं त्यात मावणार नाही. आणि उतरायला लोखंडाची शिडी. वीज कडाडायला लागल्यावर त्या शिडीला हात लावाल का?"

यावर कोणी बोलले नाही. पण दोघेजण रुसले. आम्ही मुकाट्याने उतरू लागलो.

सगळ्या शिड्या मागे पडल्या. गाव जवळ आले, तोच आभाळ काळे झाले. पहिला गडगडाट ऐकू आला. आमच्यातला एकजण खाचराच्या कडेच्या आंब्याखाली धावला. काका ओरडले, "झाडाखाली नको! घराकडे चला!" आम्ही जवळच्या पक्क्या घरात शिरलो. घरच्या बाईंनी पाणी दिले. आम्ही दारातून वर पाहिले. माथा दिसतच नव्हता. ढगात लखकन वीज चमकली. थोड्या वेळापूर्वी आम्ही तिथेच बसलो होतो. रुसलेले दोघे काकांजवळ जाऊन बसले.

वीज बहुधा उंच वस्तूवर पडते. म्हणून डोंगराचा माथा, एकटे झाड आणि मोकळ्या शेतात उभा असलेला माणूस यांना धोका जास्त. हा धोका आपल्या शेतावरही आहे. वळिवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात तो फार असतो.

ध्यानात ठेवा:

गडगडाट ऐकू आला, म्हणजे वीज आपल्यावरही पडू शकते. काम तसेच टाका आणि पक्के घर गाठा.

झाडाखाली उभे राहू नका. तारेच्या कुंपणाला हात लावू नका. पाण्यात थांबू नका.

घर जवळ नसेल, तर सखल जागी पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. एकमेकांपासून दूर बसा.

शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावायला भिऊ नका. १०८ या क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

डोंगर कुठे पळून जात नाही. आज अर्ध्यातून उतरलो, तरी उद्या पुन्हा चढता येईल. त्यासाठी जीव मात्र राहायला हवा.