मागील जीवनाचा शोक आणि अनुताप

साधकाने व्यसन टाकिले, संसार टाकिला, तरी मागील 'मी' लगेच सरत नाही. त्याची हळहळ वाटते. ती लपविणे म्हणजे अनुताप नव्हे.

कवीश्वर भास्करभट्ट बोरीकरांचा 'शिशुपालवध' सिद्ध झाला, तेव्हा गुरुबंधूंनी सांगितले की ग्रंथ उत्तम, परंतु शृंगारामुळे निवृत्तांस योग्य नव्हे. कवींनी तो बोल स्वीकारून 'उद्धवगीता' रचिली. तरी पहिला ग्रंथ नष्ट झाला नाही. साती ग्रंथांत दोन्ही आहेत. मागचे नाकारावयाचे नसते, त्यात गुंतावयाचेही नसते.

हे कवींपुरतेच नाही. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील मोरवड येथे १९३८ च्या सुमारास गुलाम महाराजांच्या उपदेशाने असंख्य आदिवासी बांधवांनी दारू सोडिली. दारूसवे सोबत्यांची बैठकही सुटते. तो उणेपणा मनाशी कबूल केला नाही, तर मन चोरवाटेने मागे फिरते.

म्हणून रात्री नामस्मरणापूर्वी स्वतःस पुसावे : मी काय सोडिले? त्यात गोड काय होते? त्यापायी कोणास दुःख दिले? पहिल्या प्रश्नाशीच थांबल्यास अभिमान वाढतो, दुसऱ्याशी थांबल्यास वासना. तिसऱ्याचे खरे उत्तर दिले की शोकाचा अनुताप होतो.